वाचकांचे प्रश्न : लंडन वसवणारा सुतार, थॉमस क्युबिट

ब्रिटनच्या राणी कॅमिला यांच्या आजोळच्या घराण्याविषयी या सदरात लिहिताना त्यांचे एक पूर्वज, एकोणिसाव्या शतकातील लंडनचा बांधकाम व्यावसायिक थॉमस क्युबिट, याचा ओझरता उल्लेख आला होता. त्यानंतर अनेक वाचकांनी त्याच्याविषयी अधिक माहिती विचारली आहे. त्यांतील काही प्रश्न निवडून उत्तरे पुढे दिली आहेत.

प्रश्न : थॉमस क्युबिट नेमका कोण होता? कुठे त्याला वास्तुविशारद म्हटलेले आढळते, कुठे ठेकेदार, तर कुठे जमिनीचा व्यापारी.

उत्तर : तिन्ही वर्णनांत थोडेफार तथ्य आहे, पण मुळात तो सुतार. इंग्लंडच्या नॉरफक परगण्यातील बक्स्टन या गावी २५ फेब्रुवारी १७८८ रोजी त्याचा जन्म झाला. वडील सुतारकाम करीत आणि मुलाच्याही हाती तीच हत्यारे आली. तरुणपणी तो जहाजावर सुतार म्हणून हिंदुस्थानच्या सफरीवर गेला आणि त्या नोकरीत साठलेल्या पैशांवर, परत आल्यावर, १८१० च्या सुमारास त्याने लंडनमध्ये स्वतःचा धंदा थाटला.

त्याचे वेगळेपण समजण्यासाठी त्या काळी घर कसे बांधले जाई हे ध्यानात घ्यावे लागते. गवंडी, सुतार, लोहार, गिलावा करणारे, काच बसवणारे, रंगारी हे सारे स्वतंत्र कारागीर असत. प्रत्येकाशी निराळा करार होई, प्रत्येकाच्या कामाचे मोजमाप निराळे होई, आणि गवंड्याचे काम अडले की सुतारही हात बांधून बसे. क्युबिटला १८१५ मध्ये फिन्सबरी भागातील ‘लंडन इन्स्टिट्यूशन’ या विद्यासंस्थेच्या इमारतीचे मोठे काम मिळाले. ठरल्या मुदतीत मोठी इमारत पुरी करायची, तर दुसऱ्यांच्या सवडीवर अवलंबून राहणे परवडणार नव्हते. म्हणून त्याने ग्रेज इन रोडवर स्वतःचे कारखाने उभारले आणि सगळ्या कसबांचे कामगार स्वतःच्या पगारावर ठेवले. आज कोणत्याही मोठ्या बांधकाम कंपनीत ही रीत गृहीत धरलेली असते. त्या वेळी ती जवळजवळ नवीच होती.

या एका निर्णयातून त्याचे पुढचे सारे आयुष्य घडत गेले, असे मला वाटते. माणसे कायम पगारावर ठेवायची, तर कामही कायम हवे. कुणीतरी येऊन इमारत सांगेल याची वाट पाहत बसले, तर शनिवारचा पगार कोठून द्यायचा? त्यामुळे त्याने स्वतःच जमिनी भाडेपट्ट्याने घेऊन, गिऱ्हाईक ठरलेले नसतानाही, घरे बांधायला सुरुवात केली. हायबरी, इस्लिंग्टन, स्टोक न्यूइंग्टन येथे त्याने आधी लहान प्रमाणावर बांधले, मग ब्लूम्सबरीत ड्यूक ऑफ बेडफर्डच्या जमिनीवर टॅव्हिस्टॉक स्क्वेअर व गॉर्डन स्क्वेअरच्या परिसरात घरे उभारली, आणि १८२० च्या दशकाच्या मध्यावर तो ज्या भागासाठी आजही ओळखला जातो त्या बेल्ग्रेव्हियाकडे वळला.

प्रश्न : एका सुतारापाशी लंडनचे अख्खे मोहल्ले बांधण्याइतके भांडवल कोठून आले? जमिनी त्याने विकत घेतल्या होत्या काय?

उत्तर : नाही, आणि त्या पद्धतीची मेख तेथेच आहे. लंडनच्या बऱ्याच जमिनीची मालकी मोजक्या सरदार घराण्यांकडे होती आणि ती घराणी जमीन विकत नसत. साधारण ९९ वर्षांच्या पट्ट्याने देत. बांधकाम चालू असेपर्यंत बांधणाऱ्याला भुईभाडे नाममात्र असे. घर पुरे झाले की त्याचा पट्टा तो राहणाऱ्याला विके आणि स्वतःचा नफा काढून घेई. जमीनमालकाला दरसाल भुईभाडे मिळत राही, आणि मुदत संपली की जमीन व तिच्यावरचे घर दोन्ही त्याच्या वारसांकडे परत येई. म्हणजे बांधणाऱ्याला जमिनीसाठी मोठी रक्कम गुंतवावी लागत नसे. मात्र रस्ते, गटारे आणि निदान पहिली काही घरे यांचा खर्च त्याला अंगावर घ्यावा लागे, आणि बाजार पडला तर तो त्यातच बुडे. १८२५ च्या अखेरीस इंग्लंडमध्ये बँका कोसळल्या, त्यानंतर घरबांधणीला मोठी ओहोटी लागली. क्युबिट त्यातूनही तरला.

बेल्ग्रेव्हियाची जमीन ग्रोव्हनर घराण्याची होती. ‘फाइव्ह फील्ड्स’ या नावाने ओळखले जाणारे ते माळ दलदलीचे आणि रात्री वाटमारीसाठी कुप्रसिद्ध होते. १८२५ पासून जवळच्या बकिंगहॅम हाउसचा राजवाडा होऊ लागला आणि या माळांना एकदम मोल आले; तरी ओली, चिकट जमीन बांधणाऱ्यांना नकोशी वाटे. क्युबिटने खोदून पाहिले तेव्हा चिकणमातीचा थर फार जाड नाही आणि त्याखाली वाळूखडी आहे असे त्याला आढळले. त्याने ती माती काढून तिच्याच विटा भाजल्या आणि पाया खालच्या खडीवर घातला. जी माती अडचण म्हणून पडून होती, तीच घराच्या भिंतींत गेली! सखल जागी भराव घालण्यासाठी सेंट कॅथरिन गोदीच्या खोदकामातील माती नदीमार्गे आणली गेली.

बेल्ग्रेव्ह स्क्वेअरच्या वेळी हाल्डिमंड घराण्यातील बँकवाल्यांनी पैसा पुरवला, घरांचे आराखडे जॉर्ज बासेव्ही या वास्तुविशारदाने केले आणि बांधणारा होता क्युबिट. ईटन स्क्वेअरची बरीच घरे त्याचीच. पुढे दक्षिणेला, नदीच्या बाजूला, भाजीपाल्याच्या मळ्यांच्या जमिनीवर त्याने पिम्लिको वसवले. तेथे सगळी घरे त्याने स्वतः बांधली नाहीत. रस्त्यांची आखणी आणि गटारे त्याची; भूखंड लहान बांधकामवाल्यांना दिलेले, आणि पुष्कळदा त्यांना लागणारा माल व कर्जही त्याच्याकडूनच. बाहेरून विटांच्या भिंतींवर दगडासारखा दिसणारा पांढरट गिलावा, पुढे खांबांचा द्वारमंडप आणि सरळ रांगा, हे त्या भागाचे रूप आजही कायम आहे. ही घरे एकसुरी आहेत, अशी तक्रार होते, आणि ती अगदीच खोटी म्हणता येणार नाही.

प्रश्न : बांधकाम करणारा माणूस गटारे, बागा, धूर अशा सार्वजनिक प्रश्नांत का पडला? त्यामागे समाजहिताची तळमळ होती की स्वतःच्या मालमत्तेची किंमत वाढवण्याचा हिशेब?

उत्तर : प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर ‘हे’ किंवा ‘ते’ असे एका शब्दात देणे योग्य होणार नाही. प्रथम वस्तुस्थिती पाहू.

१८०१ मध्ये लंडनची वस्ती सुमारे दहा लाख होती. १८५१ पर्यंत ती तेवीस लाखांच्या पुढे गेली. एवढ्या शहराला एकच नगरपालिका नव्हती. ‘सिटी’ म्हणजे लंडनचा जुना गाभा; तिचा कारभार तिच्या हद्दीपुरता, आणि बाहेर निरनिराळी पॅरिश (चर्चच्या हद्दीवरून ठरलेल्या विभागांची) मंडळे, फरसबंदीची मंडळे, दिवाबत्तीची मंडळे आणि गटारांची वेगवेगळी आयुक्त मंडळे. एका मंडळाचे गटार दुसऱ्याच्या हद्दीत वर उघडे, तर कोठे मोठ्या नळातून लहान नळात उतरणारे. हे सारे ज्याला रोज प्रत्यक्ष खणावे लागत होते असा माणूस म्हणजे क्युबिट. नव्या वस्तीत घरांच्या आधी तो गटारे घाली. त्यामुळे कोणता उतार चालतो, कोणता तुंबतो आणि भरतीच्या वेळी नदीचे पाणी नळातून कसे मागे चढते, याचे ज्ञान त्याला समितीच्या अहवालांतून मिळवावे लागले नाही.

नगरांच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या हाउस ऑफ कॉमन्सच्या समितीपुढे १८४० मध्ये त्याने दिलेली साक्ष म्हणूनच वाचण्यासारखी आहे. त्याच्या म्हणण्याचा आशय असा : पन्नास वर्षांपूर्वी लंडनच्या जवळजवळ प्रत्येक घराचा मैला स्वतःच्या मोठ्या मैलाखड्ड्यात जाई, आता गटारे पुष्कळ सुधारली असल्यामुळे खड्डा करण्याचा विचार कोणी करीत नाही, सारे थेट नदीत वाहून जाते, ते शहराला वगळून परस्पर दूर नेता आले तर मोठी सुधारणा होईल, पण सध्या प्रत्येकाचा स्वतंत्र खड्डा असण्याऐवजी थेम्स नदीच सगळ्यांचा एक मोठा खड्डा झाली आहे.

या साक्षीचे महत्त्व तिच्या वर्षात आहे. गटारे सुधारली म्हणजे आरोग्य सुधारले, असे त्या वेळी बहुतेकांना वाटत होते, आणि गटारे बांधण्यात ज्याचे हात गुंतले होते तोच सांगत होता की आपण घाण दूर केलेली नाही, तिची जागा बदलली आहे. लंडनला पाणी पुरवणाऱ्या अनेक कंपन्या त्याच नदीतून, शहराच्या मधोमध, पाणी उचलत होत्या. १८४३ मध्ये क्युबिटने एका पुस्तिकेतून हा विचार पुढे मांडला आणि मैला शहराच्या खालच्या अंगाला दूर नेऊन सोडावा असे सुचवले. १८४८-४९ मध्ये पटकीची (कॉलऱ्याची) साथ आली, १८५३-५४ मध्ये पुन्हा आली. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातून पिण्याचे पाणी उचलण्यास १८५२ च्या कायद्याने मनाई झाली. सबंध लंडनसाठी एक बांधकाम मंडळ स्थापण्याचा कायदा १८५५ मध्ये झाला. १८५८ च्या उन्हाळ्यात नदीच्या दुर्गंधीने खुद्द संसदेला बसणे जवळजवळ अशक्य केले, तेव्हा कोठे जोसेफ बॅझलजेट या अभियंत्याच्या प्रचंड गटारयोजनेला पैसा मोकळा झाला. त्या योजनेचे तत्त्व मैला नदीला समांतर वाहणाऱ्या नळांनी पूर्वेकडे दूर नेण्याचे होते. क्युबिट तोवर हयात नव्हता. योजनेचे श्रेय बॅझलजेटचेच आहे, त्यात वाटणी करण्याचे कारण नाही. पण हे दुखणे आधी ज्यांनी नेमके ओळखले त्यांत एक बांधकामवाला होता, हे सांगितले पाहिजे.

बागेची गोष्ट थोडी निराळी आहे. पिम्लिकोच्या वरच्या अंगाला, थेम्सच्या पलीकडे, बॅटर्सी फील्ड्स हा सखल माळ होता. ‘रेड हाउस’ नावाचा गुत्ता, कबुतरांच्या शिकारीच्या पैजा आणि रविवारची दंगलखोर जत्रा यांसाठी तो बदनाम होता. पंतप्रधानपदी असताना ड्यूक ऑफ वेलिंग्टनने १८२९ मध्ये लॉर्ड विंचिल्सीशी द्वंद्व केले तेही येथेच. १८४३ मध्ये क्युबिटने आणि बॅटर्सीच्या धर्मगुरूने या जागी सार्वजनिक बाग करण्याची कल्पना पुढे आणली. राजधानीच्या सुधारणेसाठी नेमलेल्या शाही आयोगापुढे ती गेली, १८४६ मध्ये कायदा झाला, दोन लाख पौंड मंजूर झाले आणि खरेदी करायच्या ३२० एकरांपैकी १९८ एकर बागेसाठी ठरले. प्रत्यक्ष उद्घाटन १८५८ मध्ये झाले. शिवाय पिम्लिकोच्या काठाने जवळजवळ एक किलोमीटर लांबीचा नदीकाठचा बंधारा त्याने स्वखर्चाने बांधला. धुराचा प्रश्नही त्याच्या जिव्हाळ्याचा होता. ज्याची स्वतःची वाफेची यंत्रे आणि धुराडी होती अशा माणसाने त्या बाजूने बोलावे, हे त्या काळी रोजचे नव्हते.

आता हेतूविषयी. बॅटर्सीची बाग झाल्याने समोरच्या काठावरील घरांना मागणी येणार, बंधाऱ्याने पिम्लिकोची जमीन कोरडी राहणार, नदी स्वच्छ झाली तर नदीकाठचा भाडेकरू टिकणार, हे त्याला कळत नव्हते असे मानणे भाबडेपणाचे होईल. पण केवळ नफ्याचा हिशेब म्हणून हा विषय निकालात काढणाऱ्यांनाही एक विचारावेसे वाटते : त्याच लंडनमध्ये, त्याच पट्टापद्धतीने धंदा करणारे शेकडो बांधकामवाले होते, त्यांतले किती जण समितीपुढे जाऊन आपल्याच कामाचा दोष दाखवत होते? घर विकून पुढच्या वर्षी दुसऱ्या मोहल्ल्यात जाणाऱ्याला नदीची फिकीर करण्याचे कारण नसते. क्युबिट एकेका भागात तीस-तीस वर्षे गुंतलेला होता, आणि इतक्या दीर्घ मुदतीत स्वतःचे हित व शेजाऱ्याचे हित वेगळे काढणे अवघड होऊन बसते. त्याचा स्वार्थ लांब पल्ल्याचा होता, एवढे मी म्हणेन. आणि त्याला मी कमी लेखत नाही.

प्रश्न : राजघराण्याशी त्याचा संबंध कसा आला?

उत्तर : कामामुळेच. राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्ट यांनी १८४५ मध्ये आइल ऑफ वाइट बेटावरची ऑस्बोर्नची मालमत्ता घेतली. सरकारी बांधकाम खात्याच्या दिरंगाईला दोघेही कंटाळले होते. ऑस्बोर्नचा खर्च खासगी असल्यामुळे त्यांनी ते काम थेट क्युबिटला दिले. अल्बर्टने कल्पना सांगायची आणि क्युबिटने ती उभी करायची, अशा पद्धतीने, वेगळ्या वास्तुविशारदावाचून, १८५१ पर्यंत ते घर पूर्ण झाले. बकिंगहॅम राजवाड्याची पूर्वेकडील बाजू, जिच्या सज्जातून राजघराणे लोकांना दर्शन देते, तीही १८४७ पासून क्युबिटनेच बांधली; आराखडा एडवर्ड ब्लोअरचा होता. १८५१ च्या हाइड पार्कमधील महाप्रदर्शनाला तोटा आल्यास तो भरून देण्याची हमी घेणाऱ्यांत क्युबिट होता. तोटा आला नाही. उलट सुमारे १,८६,००० पौंड शिल्लक राहिले आणि त्यातून साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयांची जमीन घेतली गेली. क्युबिटच्या मृत्यूनंतर राणीने आपल्या रोजनिशीत त्याच्या दयाळू, साध्या आणि निगर्वी स्वभावाची मोठ्या आपुलकीने नोंद केली आहे. नात्याचा धागा मात्र पुढच्या पिढ्यांतला : थॉमसचा मुलगा जॉर्ज १८९२ मध्ये पहिला बॅरन अ‍ॅशकूम झाला, आणि राणी कॅमिला यांची आई रोझलिंड ही त्या जॉर्जची पणती.

प्रश्न : आपल्या कामगारांशी तो कसा वागे?

उत्तर : त्या काळच्या मानाने चांगला, परंतु मालक म्हणून. पिम्लिकोच्या नदीकाठी त्याने पुढे मोठे कारखाने उभारले. तेथे कामगारांसाठी वाचनालय आणि त्यांच्या मुलांसाठी शाळेची खोली होती. सूप आणि कोको मिळण्याची सोय होती, ती माणसे दारूकडे वळू नयेत म्हणून. ऑगस्ट १८५४ मध्ये हे कारखाने आगीत सापडले. क्युबिट तेव्हा लंडनबाहेर होता. बातमी कळताच आठवड्याच्या आत सर्वांना काम मिळेल आणि नवी हत्यारे घेण्यासाठी आपण सहाशे पौंड देऊ, असा निरोप त्याने पाठवला. कारागिराची हत्यारे ही त्याच्या स्वतःच्या मालकीची असत. ती जळाली तर दुसरीकडेही काम मिळणे मुश्कील, हे सुताराच्या मुलाला सांगावे लागले नसेल.

याच चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १८३४ मध्ये लंडनच्या बांधकाम कामगारांच्या संघटनेने एका दारूभट्टीच्या बिअरवर बहिष्कार घातला, कारण ती भट्टी संघटनेच्या माणसांना कामावर घेत नव्हती. क्युबिट घराण्याच्या पेढीने आपल्या आवारात फक्त त्याच भट्टीची बिअर आणू दिली जाईल असे फर्मान काढले. त्यातून टाळेबंदी झाली, इतर मालकही सामील झाले आणि संघटना सोडल्याच्या लेखी हमीशिवाय कामावर न घेण्याचा पवित्रा मालकांनी घेतला. थॉमस आणि त्याचा भाऊ विल्यम यांचे धंदे १८२७ मध्येच वेगळे झाले होते, त्यामुळे या प्रकरणाचा सारा भार थॉमसवर टाकणे बरोबर नाही. मात्र वाचनालय देणारा मालक आणि संघटना मोडणारा मालक हे त्या काळी एकाच घरात सुखाने नांदत असत.

प्रश्न : त्याच्या मागे काय राहिले?

उत्तर : २० डिसेंबर १८५५ रोजी सरे परगण्यात डॉर्किंगजवळच्या ‘डेन्बीज’ या आपल्या निवासस्थानी तो वारला, दफन दक्षिण लंडनमधील नॉरवुडच्या दफनभूमीत झाले. संपत्ती दहा लाख पौंडांहून अधिक होती आणि मृत्युपत्र चर्मपत्राच्या तीस कातड्यांवर लिहावे लागले. तोवरचे ते सर्वांत लांब मृत्युपत्र समजले जाई. पट्ट्याच्या शेकडो करारांची व्यवस्था लावायची होती, हे लक्षात घेतले तर त्यात नवल नाही. पिम्लिकोतील डेन्बी स्ट्रीटवर १९९५ पासून त्याचा पुतळा आहे.

प्रश्न : किंग्ज क्रॉस स्थानक बांधणारा, लंडनचा लॉर्ड मेयर झालेला आणि तुरुंगातील पायचक्कीचा जनक असलेला क्युबिट हाच काय?

उत्तर : नाही, ही तीन वेगळी माणसे आहेत आणि थॉमस त्यांतला एकही नव्हे. किंग्ज क्रॉस स्थानक (१८५२) हे त्याचा धाकटा भाऊ लुइस याचे काम. १८६० ते १८६२ या काळात लॉर्ड मेयर होता तो मधला भाऊ विल्यम. ग्रेज इन रोडची पेढी त्यानेच पुढे चालवली, आयल ऑफ डॉग्जवरचे ‘क्युबिट टाउन’ त्याच्याच नावाचे. पायचक्कीचा, म्हणजे कैद्यांनी पायांनी फिरवायच्या चाकाचा, संबंध सर विल्यम क्युबिट या स्थापत्य अभियंत्याशी येतो. तोही नॉरफकचाच, पण या भावांपैकी नव्हे, आणि स्फटिक महालाच्या (१८५१ च्या महाप्रदर्शनासाठी उभारलेल्या काचेच्या इमारतीच्या) बांधकामावरील देखरेखीबद्दल १८५१ मध्ये त्याला ‘सर’ किताब मिळाला. जुन्या मजकुरात दोन विल्यमांची गल्लत वारंवार होते; नावापुढे ‘सर’ असेल तर तो अभियंता, लॉर्ड मेयर किंवा खासदार म्हणून उल्लेख असेल तर तो थॉमसचा भाऊ, एवढी खूण बहुतेक ठिकाणी पुरते.